आयतं खाण्याचे कष्ट

जोगेश्वरी पूर्वेचं मेघवाडी-मजास मागे टाकून विक्रोळीच्या दिशेने लिंक रोडला लागलं, की थोड्याच वेळात आरेची झाडी सुरू होते. सिग्नलला गाडी अडकली (आणि ती अडकतेच), तर मोबाइल खिशात ठेवून एखाद्या जुन्या आंब्याकडे बघा. आंब्याची पानं गर्द, लांबट, टोकदार. पण मध्येच एका फांदीवर वेगळाच झुबका दिसतो. त्याची पानं जाड आणि बोथट टोकाची, हिरवा रंग किंचित राखाडीकडे झुकलेला. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात, तर त्यात नारिंगी-तांबड्या, बाकदार नळ्यांसारख्या फुलांचे घोसही लगडलेले असतात. आंब्याच्या मोहोराशी त्यांचा काही संबंध नाही. हे बांडगूळ. शास्त्रीय नाव डेन्ड्रोफ्थी फाल्काटा. त्याला जमीन लागत नाही, माती लागत नाही. दुसऱ्याच्या फांदीवर जन्मायचं, तिथेच वाढायचं, फुलायचं आणि मरायचं.

परजीवी म्हटलं की आपल्या मनात एक ऐतखाऊ, सुस्त प्राणी उभा राहतो. आयत्या बिळावरचा नागोबा. निसर्गात मात्र आयतं खाण्याइतकं अवघड काम दुसरं नसेल. स्वतःचं अन्न स्वतः मिळवणाऱ्याला कुठेही पोट भरता येतं, परजीवीला मात्र नेमका यजमान लागतो. तो नेमक्या वेळी आणि नेमक्या जागी गाठावा लागतो, त्याच्या अंगात शिरावं लागतं आणि आपलं काम होईपर्यंत त्याला जिवंतही ठेवावं लागतं. यातली एक पायरी चुकली की खेळ संपला. तरीही एका अंदाजानुसार, आजवर माहीत झालेल्या सजीवांच्या जातींपैकी सुमारे 40 टक्के जाती परजीवी आहेत. इतक्या जणांनी ही अवघड वाट धरली, यातच पुढच्या सगळ्या नवलाचं मूळ आहे.

बांडगुळाची पहिली अडचण साधी आहे : बी खाली पडून चालत नाही. आंब्याच्या बुंध्याशी मातीत पडलेली बांडगुळाची बी वायाच जाते. ती पडायला हवी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर, तीही कोवळ्या सालीच्या बारीक फांदीवर, आणि वारापावसात तिथेच टिकायला हवी. हे काम त्याच्यासाठी एक पक्षी करतो. 1931 साली सालिम अली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. कोकणात या बांडगुळाचा प्रसार करण्यात शिंजीर आणि फुलटोच्या यांचा वाटा काय, हा त्याचा विषय. जर्मनीहून परतलेले सालिम अली त्या काळात नोकरीविना होते आणि अलिबागजवळ किहीमला राहत होते. सुगरणीवरचं त्यांचं प्रसिद्ध काम तिथलंच. बांडगुळावरचा हा लेख त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे, पण नव्वदहून अधिक वर्षांनंतरही परदेशातले संशोधक त्याचा हवाला देतात.

टिकेलचा फुलटोच्या हा आपल्याकडच्या सगळ्यांत छोट्या पक्ष्यांपैकी एक. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर, अंग मातकट, चोच फिकट आणि थोडी बाकदार. दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. मुंबईत जिथे सिंगापूर चेरीचं झाड आहे, तिथे त्याचं ‘चिक् चिक् चिक्’ दिवसभर चालू असतं. बांडगुळाची पिकलेली फळं म्हणजे त्याचं मुख्य खाणं. फुलटोच्याच्या पोटाची रचनाही या खाण्याला साजेशी आहे. किडे जठरात जातात आणि दळले जातात, पण फळ त्या जठराला वळसा घालून सरळ आतड्यात उतरतं. त्यामुळे वरचा गर पचतो आणि बी काही मिनिटांत जशीच्या तशी बाहेर येते. तिच्याभोवतीचा चिकट थर फणसाच्या चिकासारखा असतो, सहजासहजी सुटत नाही. बी पक्ष्याच्या बुडालाच चिकटून राहते. मग तो फांदीवर आडवा सरकतो, बूड फांदीला घासतो आणि बी तिथे पुसून टाकून उडून जातो. बिचाऱ्याला आपण पेरणी केल्याचा पत्ताही नसतो.

पुढचं काम बीचं एकटीचं. रुजायला तिला माती नको, पावसाची वाट बघणं नको. कित्येकदा फुलटोच्या केबलच्या वायरीवर बसतो आणि बी तिथेच पुसतो. ती बी वायरीवरसुद्धा रुजते! हिरवा कोंब बाहेर काढते, आणि सालीत शिरायला साल नसल्यामुळे काही दिवसांत वाळून मरते. फांदीवर पडलेल्या बीचा कोंब मात्र उजेडाकडे पाठ फिरवून सालीकडे वळतो. कोंब म्हटला की तो उजेडाकडे जाणार, असं आपण शाळेत शिकतो, हा बरोबर उलटा जातो. सालीला टेकल्यावर त्याचं टोक चपटं होऊन तबकडीसारखं पसरतं, घट्ट बसतं आणि त्या तबकडीच्या मधून चूषक मूळ सालीत घुसतं. ते झाडाच्या जलवाहिन्यांपर्यंत पोचलं, की बांडगुळाचा संसार मार्गी लागला.

शाळेच्या पुस्तकात परजीवी वनस्पती म्हणून अमरवेलीचं चित्र असतं. ती पिवळी, बिनपानांची, पूर्णच परावलंबी. बांडगूळ तसं नाही. त्याची पानं हिरवी आहेत, सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. त्याला हवं असतं ते पाणी आणि पाण्यातले क्षार. पण झाडाने मुळांपासून वर चढवलेलं पाणी आपल्याकडे वळवायचं कसं? बांडगुळाची पानं यजमानाच्या पानांपेक्षा जास्त पाणी वाफ करून हवेत सोडतात. जिथून पाणी जास्त उडतं, तिकडे ते जास्त ओढलं जातं. कडक उन्हाळ्यात आंबा आपली पर्णरंध्रं आवळून पाणी जपतो, तेव्हाही बांडगूळ उधळपट्टी चालूच ठेवतं. त्यामुळे बांडगुळाच्या पुढे असलेला फांदीचा शेंडा हळूहळू वाळत जातो. जिथे ते घुसलंय तिथे फांदीला मोठी गाठ येते. झाडावर एक-दोन झुबके असतील तर झाड निभावून नेतं, वीस-पंचवीस झाले की खंगतं.

फुलांची तऱ्हाही और आहे. पूर्ण वाढलेली कळी आपणहून नीट उमलत नाही. पक्ष्याने चोचीने दाबली की ती फटकन फुटते आणि परागकण त्याच्या कपाळावर उडतात. कपाळाला गुलाल लावलेला तो पक्षी मग पुढच्या कळीकडे जातो. निलगिरीतल्या बांडगुळांचा अभ्यास करणाऱ्या प्रिया दाविदार यांनी 1983 मध्ये आणखी एक गंमत दाखवून दिली : काही जातींमध्ये तयार कळी आणि पिकलेलं फळ दिसायला सारखीच असतात. म्हणजे फळाच्या आशेने आलेला फुलटोच्या परागीभवनही करून जातो. एकाच पक्ष्याला लग्नही लावायला लावायचं आणि पोरंही पोचवायला लावायची, तीही वेगवेगळ्या गावी!

इथवर बांडगूळ खाणारं झालं. आता त्याला खाणारे बघू. काळ्या शिरा, हळदीसारखा पिवळा रंग आणि कडेला कुंकवाचे ठिपके, अशा पंखांचं एक फुलपाखरू आपल्याकडे सर्रास दिसतं. त्याचं मराठी नावच हळदीकुंकू. त्याची मादी अंडी घालते ती बांडगुळाच्या पानांखाली, एका ठिकाणी पुष्कळ. अळ्याही घोळक्यानेच पानं फस्त करतात. बांडगुळातली कडवट द्रव्यं अंगात भिनल्यामुळे हे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं, आणि ते भडक रंग म्हणजे ‘माझ्या वाटेला जाऊ नका’ अशी जाहीर सूचना. म्हणून हळदीकुंकू घाईने उडत नाही, आरामात उडतं. गॉडी बॅरन आणि पिकॉक रॉयल या फुलपाखरांच्या अळ्याही बांडगुळावरच पोसतात. फुलपाखरांच्या अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माश्या आहेतच. आणि पश्चिम घाटात तर बांडगुळाच्या फांदीवर वाढणारं दुसरं एक छोटं बांडगूळ सापडतं. त्याचं नाव विस्कम कॅपिटेलॅटम. आंब्याच्या जिवावर हा, ह्याच्या जिवावर तो. चोरावर मोर.

मग बांडगूळ सगळं काढून टाकलं तर रान सुधारेल का? ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन या संशोधकाने हा प्रयोग खरोखरच केला. न्यू साउथ वेल्समधल्या 17 रानांतून बांडगुळं झाडून काढली, शेजारची रानं तशीच ठेवली आणि तीन वर्षं थांबला. 2012 साली निष्कर्ष छापून आले. बांडगुळं काढलेल्या रानांतल्या पक्ष्यांच्या जाती सरासरी पाचव्या हिश्शाने घटल्या होत्या. बांडगुळाची फळं खाणारे पक्षी गेले असते तर त्यात नवल नव्हतं. इथे जमिनीवर किडे टिपणारे पक्षीही गेले. वॉटसनचं स्पष्टीकरण असं : झाडं पान गाळण्याआधी त्यातलं सत्त्व काढून घेतात, बांडगुळाला ती काटकसर ठाऊक नाही. त्याचं पान गळतं ते भरल्या अंगाने. खाली त्या पानांचा सकस पाचोळा साठतो, पाचोळ्यात किडे आणि किड्यांवर पक्षी. झाडाकडून लुटलेलं सत्त्व बांडगूळ असं गावभर वाटत सुटतं.

बांडगुळाहून थक्क करणारी गोष्ट उंबरात आहे, निदान मला तरी तसं वाटतं. उंबर फोडलं की किडे निघतात म्हणून आपण नाक मुरडतो. पण उंबर हे फळ नसून आतल्या बाजूने फुललेल्या शेकडो सूक्ष्म फुलांचा बंद गोळा आहे. गांधीलमाशीच्या कुळातली, चिलटाएवढी एक माशी टोकाच्या खवल्यांमधून अंग घासत आत शिरते. त्या खटाटोपात तिचे पंख तुटतात. बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही. आत ती फुलांना पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. झाड काही फुलं तिच्या पोरांना देतं, बदल्यात उरलेल्यांत बी धरतं. हा झाला रोकडा व्यवहार.

पण व्यवहार आला की त्यावर डोळा ठेवणारे आलेच. अ‍ॅपोक्रिप्टा नावाची माशी उंबरात शिरतच नाही. ती बाहेर सालीवर उभी राहते, पोट वर उचलते आणि आपल्या अंगापेक्षा लांब, केसाहून बारीक अशी अंडी घालायची सुई उंबराच्या जाड भिंतीतून आत खुपसते. आत गाठीगाठींत इतर माश्यांच्या अळ्या वाढत असतात. न दिसणाऱ्या त्या अळ्यांपर्यंत ती बाहेरून पोचते आणि तिथे आपलं अंडं ठेवते. तिचं पिल्लू निघाल्यावर त्या अळ्यांवरच ताव मारतं. पण केसाएवढी सुई कच्च्या, चिवट उंबरात न वाकता जाते कशी? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 साली याचं उत्तर दिलं. सुईच्या टोकाला करवतीसारखे दाते असतात आणि त्या दात्यांत जस्त असतं! कडकपणा दाताच्या डॉक्टरकडच्या सिमेंटच्या जवळ जाणारा. धातूचं टोक लावलेलं ड्रिल, पण दोन-तीन मिलिमीटरच्या माशीच्या शेपटीला. हे सगळं चालू असताना तांबड्या मुंग्या उंबरावर टपलेल्या असतात. बाहेर उभं राहून भोक पाडत बसणारी माशी त्यांना आयतीच सापडते. हा धोका पत्करल्याशिवाय तिला ‘फुकटचं’ मिळत नाही.

पक्ष्यांबद्दल थोडक्यात, कारण कावळा-कोकिळेची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. जोगेश्वरीतल्या कुठल्याही चाळीसमोरच्या झाडावर उन्हाळ्यात ती डोळ्यांसमोर घडते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याआधी काही दिवस फुटतं, आणि तेवढ्या आघाडीवर पिल्लाचं भागतं. आपल्याला सहसा सुचत नाही ते वेगळंच आहे. मराठी मनाने ज्या पक्ष्यांना डोक्यावर घेतलं, ते कोकीळ, चातक आणि पावशा हे तिघेही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे. आफ्रिकेतून पावसाच्या तोंडावर येणारा तो व्रतस्थ चातक आपली निळी अंडी सातभाईंच्या तशाच निळ्या अंड्यांत मिसळून देतो. शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ सांगणारा पावशाही तेच करतो, स्वतःची पेरणी सातभाईंच्या घरात. सातभाई बिचारे घोळक्याने कलकलाट करत ती परकी पोरं वाढवतात, आणि त्यांच्यावर कोणी गाणी लिहीत नाही.

आता आपली पाळी. माणूसही यजमानच आहे. हिवतापाच्या जंतूने आपल्याला किती छळलं! पण त्या जंतूच्या लेखी आपण दुय्यम. त्याचं नर-मादी मीलन होतं ते डासाच्या पोटात, म्हणून शास्त्राच्या हिशेबात मुख्य यजमान डास आणि माणूस मधला मुक्काम. डासाच्या पोटातला हा जंतू रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादला पाहिला. मुंबईत त्याची वाहतूक करणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी हा डास शहराला चांगलाच सरावलेला आहे. त्याला दलदल लागत नाही, गच्चीवरची उघडी टाकी पुरते.

पण परजीवीचं आयुष्य किती कच्च्या धाग्यावर असतं, ते नारूने दाखवलं. आजच्या तिशीतल्या मुंबईकराला नारू शब्द ऐकून ठाऊक असेल-नसेल. महाराष्ट्रातल्या पायऱ्यांच्या विहिरींच्या गावांत आजी-आजोबांना विचारा. विहिरीच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. त्यांच्या पोटात नारूची अळी. पाणी न गाळता प्यायलं की ती माणसाच्या शरीरात जाते आणि वर्षभर कसलीही चाहूल न देता वाढते. मादी हातभर, कधी त्याहून लांब होते आणि बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन थांबते. तिथे फोड येतो, आणि तो अशी आग करतो की माणूस पाय पाण्यात बुडवायला धावतो. नारूला नेमकं तेच हवं असतं. पाण्याचा स्पर्श झाला की मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. यजमानाच्या वेदनेलाच तिने आपलं वाहन केलेलं. मग लोक त्या दोऱ्यासारख्या जंताचं टोक काडीला गुंडाळून रोज थोडं थोडं ओढत. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे.

या सगळ्या चलाखीला कसली लस निघाली नाही, की गोळी निघाली नाही. 1983-84 मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. पाणी फडक्याने गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवा, नारू झालेल्याला पाण्यात उतरू देऊ नका, एवढंच सांगितलं गेलं. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. सायक्लॉप्स, माणूस, पाणी या साखळीतली एक कडी धोतराच्या फडक्याने तुटली आणि हजारो वर्षांचा परजीवी या देशातून नाहीसा झाला. त्याच्यासाठी हळहळायचं कारण नाही. नारू गेला ते उत्तमच झालं.

बांडगुळाला तोच न्याय लावू नये, असं मात्र मला वाटतं. ज्याचं घर आंब्याच्या उत्पन्नावर चालतं, त्या बागायतदाराने ते काढलंच पाहिजे, आणि वरवर पानं ओरबाडून उपयोग नाही. चूषक मुळं फांदीत राहिली तर ते पुन्हा फुटतं. म्हणून गाठीच्या खालून फांदीच छाटावी, तीही फळं पिकायच्या आधी, म्हणजे फुलटोच्याला पुढची पेरणी करता येणार नाही. रस्त्याकडेच्या, सोसायटीतल्या, आरेतल्या झाडावर एक-दोन झुबके असतील तर राहू द्या, हळदीकुंकवाला दुसरं घर नाही. आणि झाड अगदीच ग्रासलं असेल, तर कोयता घेऊन स्वतः चढू नका. मुंबईत झाडाची फांदी छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे करायचा.